विद्यार्थ्यांसाठी घरगुती रंगमापक

माती परीक्षणात उपलब्ध स्फुरदाचे प्रमाण निळ्या रंगावरून ठरविले जाते. मातीच्या अर्कात योग्य रसायने मिसळली म्हणजे निळा रंग येतो. स्फुरद जितका अधिक, तितका रंग गडद. परंतु रंगाचा गडदपणा नुसत्या डोळ्यांनी ठरवू गेल्यास दोघांचे एकमत होत नाही; आणि खताची मात्रा तर त्याच आकड्यावर अवलंबून असते. म्हणून प्रयोगशाळेत रंगमापक वापरतात. कृषी विद्यालयातील विद्यार्थ्यांना त्याचे तत्त्व घरी बनविलेल्या साध्या यंत्रावरून चांगले समजते.

तत्त्व : रंगीत द्रावण विशिष्ट रंगाचा प्रकाश शोषून घेते. जांभळे पोटॅशियम परमँगनेट हिरवा प्रकाश शोषते. म्हणून सरावासाठी ते द्रावण व हिरवा दिवा घ्यावा. स्फुरदाच्या निळ्या द्रावणास तांबडा दिवा लागतो.

रचना : पुठ्ठ्याच्या लहान पेटीस आतून काळा रंग द्यावा. वर परीक्षानळी घट्ट बसेल असे भोक पाडावे. नळीच्या एका बाजूस हिरवा एल.ई.डी. व समोर त्याच उंचीवर एल.डी.आर. बसवावा. दिव्यास दीड व्होल्टचे तीन सेल व १५० ओहमचा रोधक एकापुढे एक जोडावा. प्रकाश कमी झाला की एल.डी.आर.चा रोध वाढतो. तो मल्टिमीटरवर वाचावा.

कृती : एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात १०० मिलिग्रॅम परमँगनेट विरघळवावे. त्यातील १०, २०, ३० व ४० मिलिलिटर द्रावण निरनिराळे घेऊन प्रत्येकात पाणी घालून १०० मिलिलिटर करावे. प्रथम नुसत्या पाण्याची, नंतर फिकट द्रावणापासून गडद द्रावणापर्यंत क्रमाने नोंद घ्यावी. दर वेळी तीच नळी धुऊन, बाहेरून पुसून, तिच्यावरील खूण एकाच दिशेस ठेवावी व वर काळे झाकण घालावे. नोंदींचा आलेख काढावा. अज्ञात द्रावणाचे प्रमाण त्यावरून मिळते. शेवटी पुन्हा पाण्याची नोंद घ्यावी. ती पहिलीशी जुळली नाही, तर सेल उतरले असे समजून प्रयोग पुन्हा करावा.

दक्षता : हे यंत्र शिकण्यासाठी आहे. त्यावरील आकड्यावरून शेतकऱ्यास खताची शिफारस करू नये. चुकीच्या आकड्याने खताचा खर्च वाया जातो किंवा पीक उपाशी राहते. मातीचा नमुना माती परीक्षण प्रयोगशाळेतच पाठवावा. मात्र ज्याने असे यंत्र स्वतः हाताळले आहे, तो कार्यकर्ता तेथून आलेल्या अहवालाचा अर्थ शेतकऱ्यास अधिक खात्रीने सांगू शकेल.