चिपमधला टाळकरी

भजनाला बसलेल्या माणसांत टाळकऱ्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. पण त्याचा टाळ चुकला की सारे भजन विस्कटते. ध्वनी साठवणाऱ्या आणि वाजवणाऱ्या चिपमध्येही असाच एक टाळकरी असतो. त्याला क्लॉक म्हणतात. मला त्याची ओळख पुस्तकातून झाली नाही, घरच्या एका चुकीतून झाली.

राळेगणसिद्धीच्या यादवबाबा मंदिरात माझे आजोबा भजनाला बसत. ते गेले, आणि त्यांच्या आवाजाचे एकच मुद्रण मागे राहिले. ते मी संगणकात उतरवून आजीला ऐकवले. आवाज जड आणि संथ येऊ लागला. आजी म्हणाली, "हे त्यांचं नाही. दुसऱ्याच कुणाचं तरी हाये." शब्द सगळे जागेवर होते, माणूस मात्र हरवला होता.

पारनेरला ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी याचा उलगडा केला. यंत्र आवाज सलग साठवीत नाही. ठरावीक अंतराने त्याची उंची मोजून आकडे लिहून ठेवते. या मोजमापांना नमुने म्हणतात. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने ठरले. चित्रफितींच्या कामात ४८,००० रूढ झाले. आजोबांचे मुद्रण ४८,०००चे होते. फाइल उघडताना वेग मला भरायचा होता, आणि मी ४४,१०० भरला. त्यामुळे एका तासाचे भजन ६५ मिनिटे १८ सेकंदांचे झाले, आणि काळी एकमध्ये म्हटलेला अभंग पांढरी एकच्याही खाली उतरला. आकडा एकही चुकला नव्हता. चुकली होती ती फक्त वेळ.

मग ही वेळ चिपला कोण सांगते? मूळ ठोका क्वार्ट्झ स्फटिकाचा. १८८० साली झाक आणि पिएर क्युरी या बंधूंनी दाखवून दिले, की असा स्फटिक दाबला असता त्यावर विद्युतभार निर्माण होतो. उलट, त्याला विद्युतदाब दिला की तो किंचित आकार बदलतो. म्हणून योग्य मंडलात बसवलेला स्फटिक ठरलेल्या गतीने कंप पावत राहतो. मनगटी घड्याळात तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक सेकंदाचा ठोका मिळतो.

ध्वनीच्या चिपची गरज मोठी असते. ती आतून नमुन्यांच्या कित्येक पट वेगाने काम करते. पुष्कळ चिपांना २५६ पट क्लॉक लागतो. म्हणजे ४८,०००साठी सेकंदाला १,२२,८८,००० ठोके. बाहेर स्फटिक मात्र बहुधा एकच, समजा १,२०,००,०००चा. तेव्हा हवा तो ठोका चिपला पोटातच तयार करावा लागतो. या रचनेला फेज-लॉक्ड लूप म्हणतात.

तिचे काम भजनासारखेच चालते. चिपमध्ये एक आंदोलक असतो. विद्युतदाब वाढवला की तो जलद चालतो, कमी केला की मंद. हा आपला टाळकरी. पखवाज म्हणजे स्फटिक. स्फटिकाच्या ठोक्यांना १२५ने भागले की ९६,००० येतात. आंदोलकाच्या ठोक्यांना १२८ने भागून तेही ९६,००० यायला हवेत. एक मंडल या दोहोंची सतत तुलना करते. टाळ मागे पडला तर दाब वाढतो, पुढे गेला तर कमी होतो. दोन्ही जुळले की आंदोलक नेमका १,२२,८८,०००वर चालतो. ४४,१००साठी भाजक बदलून ६२५ आणि ५८८ घेतले की झाले. स्फटिक तोच राहतो.

यात एक मेख आहे. नवशिका टाळकरी प्रत्येक ठोक्याला दचकून हात बदलतो आणि लय अधिकच बिघडवतो. फार सुस्त असेल तर चूक सुधारेपर्यंत अभंगच संपतो. म्हणून तुलना आणि आंदोलक यांच्यामध्ये एक गाळणी असते. ती दुरुस्ती सावकाश, पण वेळेत पोहोचवते. एवढे करूनही ठोका किंचित पुढेमागे होतोच. त्याला जिटर म्हणतात. त्याचा त्रास उंच स्वरांना अधिक, कारण त्यांची लाट झपाट्याने चढते-उतरते. क्षणभर उशिरा मोजले तरी उंची चुकते.

हेच तत्त्व आमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात, खोडद येथे भव्य रूपात दिसते. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या तिथल्या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. त्या सर्वांना मध्यवर्ती इमारतीतून प्रकाशतंतूंवाटे एकच संदर्भ-ठोका जातो आणि प्रत्येक अँटेनेतील आंदोलक त्याच्याशी जुळवून घेतो. तीस टाळकरी आणि पखवाज एक! एवढे जुळले म्हणूनच दूरच्या ताऱ्यांचे क्षीण संकेत एकत्र आणता येतात.

घरी परतल्यावर मी फाइल पुन्हा उघडली आणि ४८,००० हा आकडा भरला. अभंग सुरू झाला. आजी काही बोलली नाही. पदर सावरून नीट बसली आणि तिचा हात मांडीवर ठेका धरू लागला.

मी कलाशाखेचा विद्यार्थी. आवाज म्हणजे स्वर आणि शब्द एवढेच मी धरून चाललो होतो. माणसाची ओळख त्याच्या वेळेतही असते, हे मला त्या दिवशी समजले.