आंत्रपुच्छाचा कर्करोग आणि आयुष्याचे अनुमान

लहान आतडे जेथे मोठ्या आतड्यास मिळते, त्या ठिकाणी करंगळीएवढी एक पोकळ शेपटी असते. तीस आंत्रपुच्छ असे म्हणतात; बोलण्यात मात्र ‘अपेंडिक्स’ हाच शब्द रूढ आहे. ती सुजल्यामुळे कापून काढावी लागणे ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु या लहानशा अवयवास कर्करोगही होतो, हे थोड्यांनाच ठाऊक असते. काढलेल्या शंभर आंत्रपुच्छांत तो फार तर एखाद्यातच आढळतो आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेनंतर सूक्ष्मदर्शकाखालीच प्रथम दृष्टीस पडतो.

असा रोगी किती वर्षे जगेल, हा प्रश्न त्याच्या आप्तांना साहजिकच पडतो. त्याचे उत्तर कोणत्या गोष्टींवर अवलंबून असते, ते पाहू.

रोगाची जात

आंत्रपुच्छाचा कर्करोग या एका नावाखाली अनेक रोग मोडतात. संप्रेरके निर्माण करणाऱ्या पेशींपासून उद्‌भवलेली गाठ एक सेंटिमीटरहून लहान असेल, तर आंत्रपुच्छ काढून टाकणे हाच बहुधा पुरेसा उपचार ठरतो. दुसऱ्या प्रकारात चिकट श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशी वाढतात. त्यांची वाढ मंद असते. तथापि आंत्रपुच्छ फुटल्यास श्लेष्मा उदरपोकळीत पसरून पोट फुगू लागते. याउलट, ज्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली खड्याच्या अंगठीसारख्या दिसतात, त्यांचा रोग झपाट्याने पसरतो. म्हणून पेशींचे स्वरूप हा अनुमानाचा पहिला आधार होय.

रोगाचा प्रसार

रोग आंत्रपुच्छापुरताच आहे, की लसीका ग्रंथींत किंवा उदराच्या अस्तरावर पोहोचला आहे, हा दुसरा आधार. अस्तरावरील प्रसार मोजण्यासाठी अमेरिकन शल्यविशारद पॉल शुगरबेकर यांनी एक पद्धती प्रचारात आणली. तीत उदराचे तेरा भाग कल्पून प्रत्येकास शून्य ते तीन गुण देतात. म्हणजे बेरीज अधिकात अधिक ३९ होते. बेरीज जितकी मोठी, तितकी आशा कमी.

शस्त्रक्रियेची पूर्णता

तिसरा आधार म्हणजे दिसणारा सर्व रोग काढता आला की नाही, हा होय. श्लेष्मल प्रकाराचा रोग उदरात पसरला असता तो खरवडून व कापून काढतात आणि पुष्कळदा त्याच वेळी उदरात ऊन औषधी द्राव खेळवतात. अशा २,२९८ रोग्यांचा वृत्तांत १६ विशेष केंद्रांतून गोळा होऊन २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे मध्यक आयुर्मान १६ वर्षांहून अधिक भरले. ज्यांचा रोग पुरता काढता आला नाही, जे वयाने अधिक होते किंवा ज्यांच्या पेशी उग्र स्वरूपाच्या होत्या, त्यांना आयुष्य कमी लाभले.

अनुमान कसे काढतात?

सर्व रोगी एकाच दिवशी उपचारास येत नाहीत. कित्येक मध्येच परगावी जातात. तरीही त्यांची जेवढी माहिती मिळाली तेवढी हिशेबात घेण्याची रीत कॅप्लन व मायर यांनी १९५८ साली दाखवून दिली. अनेक कारणांपैकी प्रत्येकाचा भार वेगळा करण्याची रीत डेव्हिड कॉक्स यांनी १९७२ साली सांगितली. चेन्नईच्या अंबत्तूर भागालगत अयपाक्कम येथे राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्था आहे. ती १९९९ साली स्थापन झाली, तेव्हा वैद्यकीय संख्याशास्त्राची एक संस्था तीत विलीन करण्यात आली. रोगांच्या नोंदींवरून निष्कर्ष काढण्याचे शास्त्र अशाच संस्थांतून जोपासले जाते.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी लागते. वरील वृत्तांतात शस्त्रक्रियेपूर्वी कर्करोगाची औषधे घेतलेल्यांचे आयुष्य कमी आढळले. एवढ्यावरून औषधांनी आयुष्य घटले असे म्हणता येत नाही. कारण ज्यांचा रोग आधीच बळावलेला, त्यांनाच अशी औषधे देण्याचा संभव अधिक. दोन गोष्टी सोबत आढळल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

तसेच मध्यक म्हणजे आयुष्याची मर्यादा नव्हे. मध्यक सोळा वर्षे, याचा अर्थ निम्मे रोगी त्याहूनही अधिक जगले. तो आकडा समूहाचा आहे. एका माणसाचे भवितव्य त्यात लिहिलेले नसते.

दुर्मिळ रोगाचे रोगी एकेका रुग्णालयात थोडेच येतात, म्हणून गावोगावच्या नोंदी एकत्र कराव्या लागतात. मुंबईत कर्करोगाची नोंदणी १९६३ साली सुरू झाली. राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम १९८१ साली आरंभिला गेला आणि त्यात मुंबई व बंगळूरबरोबर मद्रासचाही समावेश होता. या सर्व गणिताचा पाया मात्र एका साध्या कृतीत आहे. काढलेले आंत्रपुच्छ वरून निरोगी दिसले, तरी ते टाकून न देता तपासणीस पाठविले पाहिजे आणि तपासणीचा अहवाल रोग्याने जपून ठेवला पाहिजे. जो रोग ओळखलाच गेला नाही, त्याचे अनुमान कोणतेही गणित करू शकत नाही.