केमोथेरपी, शुश्रूषा आणि श्रद्धा

घरात कोणास कर्करोग झाला म्हणजे सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी म्हणतो, "आता सारे डॉक्टरांच्या हाती." कोणी म्हणतो, "औषधे पुरे झाली, आता फक्त दुवा मागा." दोन्ही सल्ले अपुरे आहेत. श्रद्धा ही औषधाऐवजी नव्हे, तर औषध सोसण्याचे बळ म्हणून आहे.

प्रथम हा उपचार समजून घेऊ. केमोथेरपीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर आघात करतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतातच. परंतु केसांची मुळे, तोंडातील अस्तर व हाडांतील मगज येथील पेशीही तशाच असतात. म्हणून केस गळतात, तोंड येते आणि रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. पुष्कळ औषधांत ही घट डोस दिल्यानंतर सुमारे ७ ते १४ दिवसांत सर्वांत जास्त असते. तेव्हा ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक झाल्यास मध्यरात्रीसुद्धा रुग्णालय गाठावे. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये.

आजाऱ्याच्या भेटीस जाणे, ज्यास आम्ही इयादत म्हणतो, हे पुण्यकर्म आहे. परंतु भेट थोडक्यात व्हावी, हात साबणाने धुवावेत. ज्यास सर्दी-खोकला आहे त्याने फोनवरच विचारपूस करावी. घरी डबा पोहोचविणे, मुलांचा अभ्यास घेणे, हीही इयादतच होय.

कुराणाच्या सूरह बकरामध्ये आजाऱ्यास रमजानच्या रोज्यांतून सवलत आहे. राहिलेले रोजे बरे झाल्यावर पुरे करता येतात. उभे राहवत नसेल तर नमाज बसून, तेही न जमल्यास पडून अदा करता येते. वडीलधारी माणसे ही सवलत घेण्यास संकोचतात. त्यांना ती प्रेमाने समजावून सांगावी. एकादशी पाळणाऱ्या घरांनीही हाच विचार करावा. कलौंजी, काढे, जडीबुटी मात्र डॉक्टरांस विचारल्याविना देऊ नयेत. काही वनस्पतींमुळे औषधाचा परिणाम बदलतो.

शेवटी एक गोष्ट. "तुमची श्रद्धा कमी पडली," असे रुग्णास कधीही म्हणू नये. आजार हे श्रद्धेचे माप नव्हे. त्यास रडू यावे, राग यावा, तरी आपण जवळ बसून राहावे. दुवा मागावी, आणि पुढील डोसची तारीख व रुग्णालयाचा फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवावा.