न्यू इंग्लिश स्कूल

रत्नागिरीच्या सरकारी शाळेतील नोकरी सोडून विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी जानेवारी १८८० मध्ये पुण्यात 'न्यू इंग्लिश स्कूल' काढले. मराठीच्या एवढ्या कट्टर अभिमान्याने इंग्रजी शाळा काढावी, याचे नवल वाटते. परंतु इंग्रजी विद्या सरकारी चाकरीपुरती न राहता स्वदेशाच्या कामी यावी, हा त्यांचा हेतू होता. बाळ गंगाधर टिळक आरंभापासून सोबत होते. गोपाळ गणेश आगरकर पुढील वर्षी तुटपुंज्या वेतनावर तेथे शिकवू लागले. १८८२ मध्ये वृत्तपत्रीय लेखनावरून झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्या कोठडीत आगरकरांनी शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' मराठीत उतरविले. 'विकारविलसित' या नावाने ते १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले.