तांबडा विंचू : दंशाची लक्षणे, उपचार व प्रतिबंध

भाताची कापणी, पेंढ्याची रचणी, पावसाळ्यापूर्वी कौलांची दुरुस्ती, बांधावरील दगड हलविणे, साठविलेली लाकडे व गोवऱ्या काढणे, ही सर्व कामे शेतकरी कुटुंबातील लहानथोर माणसे उघड्या हातांनी व अनवाणी करतात. अशा वेळी विंचवाचा दंश होणे ही कोकणात नित्याची घटना आहे. दंश झालेली बहुतेक माणसे वेदना सोसून दुसऱ्या दिवशी कामास लागतात. यामुळे विंचू हा केवळ दुखविणारा प्राणी आहे, मारणारा नव्हे, असा समज रूढ झाला आहे. तांबड्या विंचवाच्या बाबतीत हा समज घातक आहे. मुलांच्या बाबतीत तर तो जिवावर बेततो.

विंचू कसा ओळखावा

शेतकऱ्याच्या नेहमीच्या परिचयाचे विंचू मुख्यतः दोन प्रकारचे असतात. मोठ्या काळ्या विंचवास इंगळी म्हणतात. त्याचे पुढचे चिमटे जाड व रुंद असतात. त्याच्या दंशाने वेदना फार होतात, परंतु जीव जाण्याचा धोका त्यामानाने कमी असतो. दुसरा तांबडा विंचू. हा आकाराने लहान व तांबूस-तपकिरी रंगाचा असून त्याचे चिमटे बारीक व शेपटी जाड असते. दिसण्यात क्षुद्र असला तरी भारतातील अत्यंत विषारी विंचवांत याची गणना होते. तेव्हा विंचवाच्या आकारावरून धोक्याचा अंदाज करू नये.

विष शरीरात काय करते

तांबड्या विंचवाच्या विषाने मज्जातंतू अतिशय उत्तेजित होतात व ॲड्रिनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात एकदम मोठ्या प्रमाणात मिसळतात. त्यामुळे अंगभर रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्तदाब चढतो. पंपाच्या पुढचा व्हॉल्व्ह आवळून इंजिन चालूच ठेवावे, तशी हृदयाची अवस्था होते. काही तासांत हृदय थकते, फुप्फुसांत पाणी साचते, रोग्यास धाप लागते व तोंडातून गुलाबी फेस येतो. पूर्वी या अवस्थेस पोहोचलेले अनेक रोगी दगावत.

महाडचे संशोधन

या दंशावरील उपचाराचा शोध मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत लागला नाही. तो महाड तालुक्यातील रोग्यांच्या खाटेशेजारी लागला. डॉ. हिंमतराव बावस्कर हे 1976 साली तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाने धडधाकट माणसे व मुले मरताना त्यांनी पाहिली. प्रत्येक रोग्याची नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांची उष्णता व श्वास यांची ते बारकाईने नोंद ठेवू लागले. हृदयावर विषाचा परिणाम होणार असल्याची पूर्वसूचना कोणती लक्षणे देतात, हे त्यांनी 1982 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले.

आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे औषध दिल्यास हृदयावरील भार उतरेल, हा विचार या नोंदींतून पुढे आला. प्रॅझोसिन नावाची गोळी रक्तदाबाच्या रोग्यांसाठी त्या वेळी उपलब्ध होतीच. तोंडाने देता येत असल्याने ती खेड्यातील दवाखान्यातही वापरणे शक्य होते. विंचूदंशावरील तिच्या उपयोगाचा अहवाल 1986 साली ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाला. ही गोळी वेळेवर मिळू लागल्यानंतर, पूर्वी गंभीर रोग्यांत मोठ्या प्रमाणात होणारे मृत्यू अगदी थोड्यांवर आले.

यानंतर प्रश्न उरला तो विंचवाच्या विषावरील प्रतिविषाचा. गोळीबरोबर प्रतिविषही दिल्यास अधिक लाभ होतो काय? नवे खत उपयोगी आहे की नाही हे पाहण्यासाठी शेतकरी सारख्या जमिनीचे दोन वाफे घेतो, एकास खत घालतो व दुसरा तसाच ठेवतो. चांगली जमीन मुद्दाम खताच्या वाट्यास दिली, तर प्रयोग फसवा ठरतो. रोग्यांच्या बाबतीतही हाच नियम पाळावा लागतो. डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाड येथे 70 रोग्यांचे 35-35 चे दोन गट केले. कोणता रोगी कोणत्या गटात जाईल, हे डॉक्टरांच्या पसंतीवर ठेवले नव्हते. एका गटास केवळ प्रॅझोसिन व दुसऱ्यास प्रॅझोसिन आणि प्रतिविष दिले. दहा तासांनंतर पाहता, दोन्ही औषधे मिळालेल्या गटातील 32 रोगी पूर्ण बरे झाले होते, तर केवळ गोळी मिळालेल्या गटातील 8. हे निष्कर्ष 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांना 2022 साली पद्मश्री किताब मिळाला.

धोक्याची लक्षणे

या संशोधनातील सर्वांत उपयुक्त धडा घरातील माणसांसाठी आहे. रोगी वेदनेने ओरडत असेल, परंतु अंग कोरडे व हातपाय उबदार असतील, तर धोका बहुधा कमी असतो. याउलट वेदना फारशी नसूनही पुढील लक्षणे दिसल्यास विष अंगात भिनले आहे असे समजावे :

1. कपडे भिजतील इतका घाम येणे.
2. वारंवार उलटी होणे किंवा तोंडास लाळ सुटणे.
3. हातपाय गार पडणे.
4. पुरुष किंवा मुलगा असल्यास लिंग ताठर राहणे. हे लक्षण संकोचामुळे लपविले जाते. ते डॉक्टरांस अवश्य सांगावे.
5. छातीत धडधड, खोकला किंवा धाप लागणे.

‘मूल आता रडत नाही, उतार पडला’ असे मानून त्यास निजविणे ही मोठी चूक होय. रडणे थांबलेल्या मुलाचे कपाळ व तळपाय हाताने चाचपून पाहावेत. घाम व गारवा आढळल्यास क्षणाचाही विलंब लावू नये. मूल लहान असल्यास लक्षणांची वाटही पाहू नये. त्यास थेट रुग्णालयात न्यावे.

दंश झाल्यावर काय करावे

रोग्यास धीर देऊन आडवे करावे, चालवू नये. दंशाची जागा साबण व पाण्याने धुवावी. अंगठी, बांगड्या, जोडवी काढून ठेवावीत. उलटी होत असल्यास कुशीवर वळवावे; धाप लागल्यास टेकून बसवावे. दंशाची वेळ लक्षात ठेवावी व 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वाहन हाताशी असल्यास त्यातूनच प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे.

जागा कापणे, चोखणे, डागणे, बिब्बा लावणे, घट्ट दोरी बांधणे किंवा मांत्रिकाची वाट पाहणे यांत मोलाचा वेळ जातो. प्रॅझोसिनची गोळी घरी आणून देऊ नये. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रोग्यास आडवे ठेवून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती दिली जाते. अंधारात काय चावले हे दिसले नसेल, तर सर्पदंश समजूनच रुग्णालयात जावे. मण्याराच्या दंशातही वेदना फारशी होत नाही.

प्रतिबंध

विंचू दिवसा दगड, कौले, लाकडे, गोवऱ्या व भिंतींच्या भेगांत दडतो आणि रात्री बाहेर पडतो. म्हणून भिंतींच्या भेगा लिंपून घ्याव्यात. लाकूडफाटा व पेंढा घरास लागून रचू नये. खाट भिंतीपासून दूर ठेवावी, जमिनीवर निजू नये व मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. पायताण व कपडे झटकूनच घालावेत. दगड किंवा पेंढा हाताने उचलण्यापूर्वी काठीने हलवावा. रात्री विजेरी घेऊनच बाहेर पडावे.

ग्रामसेवक, कृषी सहायक व आशा स्वयंसेविकांनी कापणीच्या हंगामापूर्वी गावाची एक बैठक घ्यावी. प्रतिविष व प्रॅझोसिन जवळच्या कोणत्या रुग्णालयात शिल्लक आहे याची आगाऊ चौकशी करून ते नाव ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावे, आणि रात्री निघू शकेल असे गावातील एक वाहन निश्चित करून ठेवावे. औषध सिद्ध झालेले आहे. ते रोग्यापर्यंत वेळेत पोहोचविण्याचे काम मात्र गावाने करावयाचे आहे.