रस्त्यावरचा पोलीस आणि सैनिकी रायफल

मराठीत ‘शिपाई’ हा शब्द आपण दोघांसाठी वापरतो. सीमेवर लढतो तोही शिपाई आणि चौकात उभा असतो तोही पोलीस शिपाईच. शब्द एक असला तरी कामे मात्र दोन आहेत. सैनिकासमोर शत्रू असतो आणि त्याचा पाडाव करणे हे सैनिकाचे काम. पोलिसासमोर असतो तो नागरिक. तो चोर असेल, दंगेखोर असेल, खुनीही असेल. पण त्याला शक्यतो जिवंत पकडून न्यायालयापुढे उभे करावयाचे, हे पोलिसाचे काम होय. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे, गस्तीवरच्या साध्या पोलिसाच्या हाती सैनिकी धर्तीची रायफल द्यावी काय, या वादाचे मर्म कळते. हा वाद प्रामुख्याने अमेरिकेत झडला. पण त्याची झळ मुंबईलाही लागली आहे. प्रस्तुत लेखात या वादाच्या दोन्ही बाजू तपासून पाहण्याचा विचार आहे.

आधुनिक पोलीस दलाची कल्पना मूर्त स्वरूपात आली ती १८२९ साली लंडनमध्ये. गृहमंत्री रॉबर्ट पील यांनी हे दल उभारले, तेव्हा ‘हे सैन्यच आपल्या मानेवर बसवले जात आहे’ अशी लोकांना धास्ती होती. म्हणून सैन्याच्या लाल पोशाखाऐवजी निळा पोशाख निवडला गेला आणि शिपायाच्या हाती लाकडी दंडुका देण्यात आला. लोकांची संमती हेच पोलिसांचे खरे बळ, हा त्यामागचा विचार होता. अमेरिकेतल्या पोलिसांनी पुढे कमरेला पिस्तूल लावले. पण तेथेही सैन्य आणि पोलीस यांच्यात भिंत होती. १८७८ च्या एका कायद्याने देशांतर्गत कायदा राबविण्यासाठी सैन्य वापरण्यास बंधन घातले होते.

या भिंतीला पहिला तडा गेला तो १ ऑगस्ट १९६६ रोजी. टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे विद्यापीठाच्या मनोऱ्यावर चढून एका माणसाने खालच्या लोकांवर गोळ्या झाडल्या. पोलिसांची पिस्तुले तेथवर पोहोचेनात. शेवटी काही नागरिकांनी आपल्या शिकारीच्या रायफली आणून त्याच्यावर गोळीबार केला. अशा प्रसंगांसाठी मोठ्या शहरांत खास सशस्त्र पथके निघाली. साध्या पोलिसाने पिस्तुलावर भागवावे आणि बिकट वेळी वेढा घालून पथकाची वाट पाहावी, अशी व्यवस्था पडली.

ही व्यवस्था अपुरी ठरली ती २८ फेब्रुवारी १९९७ रोजी लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलीवूड भागात. एका बँकेवर दरोडा घालून दोघे बाहेर पडले. त्यांच्या अंगावर चिलखत होते आणि हाती स्वयंचलित रायफली होत्या. पोलिसांच्या पिस्तुलाच्या गोळ्या चिलखताला भेदेनात. दरोडेखोरांच्या गोळ्या मात्र मोटारींच्या पत्र्यातून आरपार जात. तहान लागल्यावर विहीर खणावी तसे पोलीस जवळच्या बंदुकीच्या दुकानात गेले आणि तेथून रायफली मागून आणल्या. सुमारे ४४ मिनिटे ही चकमक चालली. दोन्ही दरोडेखोर मेले, अनेक पोलीस व नागरिक जखमी झाले. त्यानंतर अमेरिकेच्या संरक्षण खात्याने लॉस एंजेलिसच्या पोलिसांना सुमारे ६०० एम-१६ रायफली दिल्या. पुढे २० एप्रिल १९९९ रोजी कोलंबाइन येथील शाळेत दोन विद्यार्थ्यांनी बारा विद्यार्थी व एका शिक्षकाचा बळी घेतला. पोलीस नियमाप्रमाणे बाहेर वेढा घालून पथकाची वाट पाहत राहिले. तेव्हापासून, प्रथम पोहोचेल त्या पोलिसानेच आत शिरले पाहिजे, असा दंडक झाला. मग त्याच्या हाती साजेसे शस्त्र नको काय, हा प्रश्न ओघानेच आला.

रायफलीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे मुद्दे हलके नाहीत. पिस्तुलाची गोळी सेकंदाला सुमारे साडेतीनशे ते चारशे मीटर वेगाने जाते, तर या रायफलीची गोळी नऊशे मीटरच्या आसपास. साधे मऊ चिलखत पहिलीला अडवते, दुसरीला नाही. शिवाय रायफल खांद्याला टेकवून, दोन्ही हातांनी धरून झाडली जाते. त्यामुळे नेम अधिक अचूक लागतो आणि भलत्याच माणसाला गोळी लागण्याचा संभव कमी होतो. शत्रूजवळ रायफल असताना पोलिसाला पिस्तूल देऊन पाठविणे म्हणजे त्याला मरावयास पाठविणेच होय, असे ते म्हणतात.

विरोधकांचे म्हणणे निराळ्या अंगाने जाते. रायफल आली ती अपवादात्मक प्रसंगासाठी; पण एकदा हाताशी असली म्हणजे ती साध्या प्रसंगीही बाहेर निघते. अमेरिकेत १९९० नंतर सैन्याचे जादा सामान पोलिसांना देण्याची योजना सुरू झाली आणि १९९७ पासून तिला कायमचे रूप आले. रायफलींबरोबर चिलखती गाड्याही लहान लहान गावांच्या पोलिसांकडे पोहोचल्या. ऑगस्ट २०१४ मध्ये मिसुरी राज्यातील फर्ग्युसन येथे मायकेल ब्राउन हा निःशस्त्र कृष्णवर्णी तरुण पोलिसाच्या गोळीने मेला. त्याबद्दल लोक रस्त्यावर आले, तेव्हा चिलखती गाडीवर बसून जमावावर रायफली रोखणारे पोलीस साऱ्या जगाने पाहिले. पीलच्या काळातील लोकांची धास्ती तेथे खरी ठरली, असे म्हणावे लागते. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी २०१५ मध्ये या योजनेवर काही बंधने घातली. ट्रम्प यांनी २०१७ मध्ये ती उठवली. अशा सामानामुळे पोलिसांच्या हातून होणारे मृत्यू वाढतात काय, याविषयी संशोधकांत एकमत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ‘वाढतात’ असे म्हटले, तर २०२० मध्ये दुसऱ्यांनी त्यातील आकडेवारीच भरवशाची नसल्याचे दाखविले.

केवळ शस्त्राने काम भागत नाही, याचा दाखला २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधील युव्हाल्डी येथे मिळाला. अठरा वर्षांच्या एका मुलाने कायदेशीरपणे विकत घेतलेली रायफल घेऊन प्राथमिक शाळेत एकोणीस मुले व दोन शिक्षिका यांना ठार केले. तेथे एकूण ३७६ पोलीस जमले होते. रायफली होत्या, ढाली होत्या. तरीही त्या मुलाला गाठावयास ७७ मिनिटे लागली. उणीव शस्त्राची नव्हती. आज्ञा कोणी द्यावयाची याच्या निश्चितीची, शिक्षणाची व धैर्याची होती. आणखी एक गोष्ट येथे ध्यानात येते. असे शस्त्र जेथे दुकानात सहज मिळते, तेथे पोलिसाच्या रायफलीची मागणी थांबणारच नाही.

आता आपल्याकडे वळू. २६ नोव्हेंबर २००८ रोजी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन अतिरेक्यांनी एके-४७ रायफलींनी पन्नासाहून अधिक माणसे मारली. त्यांच्यासमोर जे पोलीस होते, त्यांच्यापैकी कोणाजवळ काठी, कोणाजवळ जुनी थ्री-नॉट-थ्री. या रायफलीचा बोल्ट दर गोळीनंतर मागेपुढे ओढावा लागतो. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हाती बंदूक नसताना कसाबची रायफल धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि प्राण दिला. कसाब जिवंत सापडला, त्याच्यावर खटला चालला, म्हणूनच या कटाचे धागेदोरे न्यायालयासमोर आले. पोलिसाचे काम काय, हे याहून अधिक स्पष्टपणे कोणी दाखविले नसेल. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. परंतु आपल्या पोलिसांनी असेच मरावे, असे धोरण कोणत्याही समाजाला शोभणारे नाही. कृतज्ञता वेगळी आणि व्यवस्था वेगळी.

मग मार्ग कोणता? ब्रिटनमध्ये आजही गस्तीवरचा बहुतेक पोलीस बंदूक बाळगत नाही. मात्र रायफलधारी शिक्षित पोलीस मोटारींतून फिरतीवर असतात. ३ जून २०१७ रोजी लंडन ब्रिजवर हल्ला झाला, तेव्हा एक पोलीस केवळ दंडुक्यानिशी हल्लेखोरांवर धावून गेला आणि जबर जखमी झाला. पण पहिला दूरध्वनी आल्यापासून आठ मिनिटांच्या आत सशस्त्र पोलिसांनी तिन्ही हल्लेखोरांना टिपले. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्च येथे मार्च २०१९ मध्ये ५१ जण मारले गेल्यावर सशस्त्र गस्तीचा सहा महिने प्रयोग झाला. मावरी व इतर समाजांतून तीव्र नापसंती व्यक्त झाली आणि जून २०२० मध्ये पोलिसांनीच तो पुढे न चालविण्याचे ठरविले. मुंबईच्या हल्ल्यानंतर महाराष्ट्रानेही ‘फोर्स वन’ हे खास दल उभारले.

या साऱ्यावरून मला असे वाटते की, ‘रायफल द्यावी की न द्यावी’ हा प्रश्नच अपुरा आहे. ती कोठे ठेवावी, कोणाच्या आज्ञेने बाहेर काढावी, चालविणाऱ्याने वर्षातून किती वेळा सराव करावा आणि झाडलेल्या प्रत्येक गोळीचा जाब कोणाला द्यावा, हे खरे प्रश्न आहेत. रायफल काही मिनिटांच्या अंतरावर, शिकलेल्या हातांत असावी. रोजच्या गस्तीवर, मोर्चासमोर ती दिसू नये. मोर्च्यात घोषणा देणारा विद्यार्थी आणि स्थानकात गोळ्या झाडणारा अतिरेकी हे पोलिसाला एकाच नजरेने दिसू लागले, तर पोलीस शिपाई आणि सैन्यातला शिपाई यांत भेद उरणार नाही. त्या दिवशी शस्त्र कितीही चांगले असले, तरी पोलिसाला साहाय्य करावयास कोणी नागरिक पुढे येणार नाही. आणि नागरिकांच्या साहाय्यावाचून कोणत्याही पोलिसाचे काम चालत नाही.