गिटारीच्या अ‍ॅम्प्लिफायराचे वॅट : एक पाठ

पुष्कळांचा असा समज आहे की, ज्या अ‍ॅम्प्लिफायराचे वॅट अधिक, तो त्याच प्रमाणात मोठ्याने वाजतो, आणि म्हणून तोच उत्तम. ह्या समजुतीपायी कित्येक तरुण वादक आपला पैसा व आपले कानही खर्ची घालतात. ह्यास्तव तिची परीक्षा करू या.

१. वॅट म्हणजे काय? सूर फारसा न बिघडविता यंत्र स्पीकरास किती विद्युत्शक्ती पुरवू शकते, ह्याचे ते माप होय. परंतु आपला कान निराळ्या रीतीने मापतो. वॅट दुप्पट केले असता आवाज केवळ ३ डेसिबेलने वाढतो. तो दुप्पट मोठा भासावा म्हणून वॅट सुमारे दहापट करावे लागतात. फेंडर ह्या अमेरिकन कंपनीने १९६३ साली दोन यंत्रे काढली : डिलक्स रिव्हर्ब, २२ वॅटचे, आणि ट्विन रिव्हर्ब, सुमारे ८५ वॅटचे. शक्ती जवळजवळ चौपट. तथापि स्पीकर सारखेच असते, तर आवाजातील अंतर सुमारे ६ डेसिबेलच भरते. उलट, ३ डेसिबेलने अधिक तीव्र स्पीकर जोडिला, तर वॅट दुप्पट केल्याचेच फळ मिळते.

२. मग भेद कोठे आहे? ठेंगण्या दारातून बुटका मनुष्य ताठ मानेने जातो, उंचास मात्र मान वाकवावी लागते. डोके आणि चौकट ह्यांमध्ये जी मोकळी जागा, तिलाच वादक ‘हेडरूम’ म्हणतात. थोड्या वॅटच्या यंत्राचे दार ठेंगणे. तार जोराने छेडिली की स्वराच्या लाटेचा माथा चौकटीस लागून सपाट होतो. त्यातून नवे उपस्वर उपजतात, सूर दाट व खरखरीत होतो, आणि हलक्या व जोरकस आघातांतील अंतर कमी होते. व्हॉल्व्हचे यंत्र हा माथा हळूहळू दाबते, म्हणून तो सूर अनेकांस गोड लागतो. साधे ट्रान्झिस्टरचे यंत्र तो एकाएकी छाटते, म्हणून तेथे तो कानास टोचतो.

३. कोणते निवडावे? ज्यास स्वच्छ सूर पाहिजे, त्याने हेडरूम अधिक असलेले यंत्र घ्यावे. ज्यास खरखरीत सूर प्रिय, त्यास थोडे वॅट पुरे. १९६५ साली लंडनच्या ‘द हू’ ह्या वाद्यवृंदासाठी मार्शलने १०० वॅटचे यंत्र बनविले. उलट, १९७० साली एरिक क्लॅप्टन ह्यांनी ‘लेला’च्या ध्वनिमुद्रणात सुमारे ५ वॅटचे चिमुकले चॅम्प वापरले, आणि तो सूर जगभर गाजला.

४. कानाची काळजी. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबेलचा आवाज दिवसातून ८ तास ऐकावा, त्याहून अधिक नाही. आणि प्रत्येक ३ डेसिबेलच्या वाढीस ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबेलास ती केवळ १५ मिनिटे उरते. मोठ्या यंत्रातून खरखरीत सूर काढावयाचा, तर ते मोठ्यानेच वाजवावे लागते. लहान खोलीत ह्याचा दंड कानांस भरावा लागतो, आणि अशा रीतीने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

तात्पर्य, वॅट पाहून नव्हे, तर जागा व इच्छिलेला सूर पाहून यंत्र निवडावे.

प्रश्न : (१) वॅट दुप्पट केल्याने आवाज किती वाढतो? (२) हेडरूम म्हणजे काय? (३) लहान खोलीत मोठे यंत्र का घेऊ नये?